कुबलांच्या आतेचं मौनव्रत

खोटं बोलायचंच असेल तर ते थोडकं बोलावं आणि देवाधर्माला त्यात ओढू नये, एवढी अक्कल अनुपमाला होती. पण दहा दिवसांपूर्वी फोन आला तो नेमका भाजीला फोडणी घालताना. पलीकडे वनमाला वन्सं होत्या. "अक्षता तुमच्याकडे मुलुंडला आलीय असं ऐकलं. दे जरा तिला," असं वन्संनी म्हटलं आणि अनुपमाच्या तोंडून निघून गेलं, "ती बोलायची नाही वन्सं. तिचं मौनव्रत चाललंय."

"मौनव्रत? कोणाचं?"

इथेही थांबता आलं असतं. योगा, मनाची शांती, हल्लीच्या मुलांचं खूळ, काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण कुबलांच्या घरात चौतीस वर्षं सून म्हणून काढलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की गावच्या सातेरीदेवीचं नाव घेतलं की वन्सं पुढचा प्रश्न विचारत नाहीत. तिने सातेरीचं नाव घेतलं. वन्संनी खरोखरच पुढचा प्रश्न विचारला नाही. फोन ठेवून त्यांनी बोरिवलीच्या भाचीपासून गावच्या गुरवापर्यंत सगळ्यांना ती बातमी कळवली.

आज रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये उभी राहून अनुपमा त्याचं फळ चाखत होती. मुलाच्या, सुयोगच्या लेकीचं बारसं होतं. पोरगी सव्वा महिन्याची झाली होती, सून गार्गी माहेरून परतली होती, पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. आणि हॉलच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या अक्षताच्या पायाशी बी विंगमधल्या एक काकू वाकल्या होत्या.

अक्षताने दोन्ही हातांनी 'नको, नको' अशी खूण केली.

"अगं, व्रतस्थ माणसाच्या पाया पडावं. माझ्या यज्ञेशला नोकरी लागू दे म्हणून देवीला सांग."

अक्षताने मांडीवरची पाटी उचलली. बटण दाबलं की अक्षरं पुसली जातात तसली, लहान मुलांची. तिने काहीतरी लिहिलं आणि आईच्या दिशेने धरली. अनुपमाने लांबूनच वाचलं: *आई, कुठली देवी?*

अनुपमाने पदर सावरायचं निमित्त करून पाठ फिरवली. नवरा विद्याधर खुर्च्या मांडत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस. तू बोललीस, तूच निस्तर." आणि पुढच्या रांगेतली खुर्ची उगाचच सरळ केली.

अक्षता कुबल हे नाव माहीत नाही असं घर आता मुंबईत शोधावं लागलं असतं. अकरा वर्षांपूर्वी तिचं 'पायात वाळू' हे गाणं आलं आणि जुहूच्या चौपाटीवर पाणीपुरी खाणाऱ्या कॉलेजच्या पोरांपासून लग्नाच्या वरातीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यावर नाचले. त्याआधी ती सोसायटीच्या गणपतीत गायची, मग ऑर्केस्ट्रात, मग टीव्हीवरच्या स्पर्धेत. गाण्यानंतर मात्र ती जी उडाली ती दुबई, सिडनी, न्यू जर्सी करत फिरली. अंधेरीला तिचा फ्लॅट झाला, स्वतःचा स्टुडिओ झाला. तिचा चेहरा हायवेवरच्या बोर्डावर लागला तेव्हा विद्याधर तीन वेळा रिक्षाने तिकडून गेला होता, तेही उगाचच.

आणि या अकरा वर्षांत ती घरातल्या एकाही कार्याला आली नव्हती. चुलतबहीण दिशाचं लग्न झालं तेव्हा ती सिडनीला होती. वन्संचे यजमान गेले तेव्हा ती परदेशात होती, तेराव्यासाठी निघाली तर कुठल्याशा विमानतळावर अडकली, आणि पोचली ती तेराव्यानंतर चार दिवसांनी. वन्संनी तेव्हा तिला चहा दिला, बिस्किट दिलं, आणि ती गेल्यावर अनुपमाला फोन करून सांगितलं, "तुझी लेक आम्हाला आता मोबाईलवर दिसते तेवढी पुरे."

त्या वन्सं आता मौनव्रताच्या बातमीने विरघळल्या होत्या. "पोरीला देव आठवला. मी म्हणत होते ना, कुबलांचं रक्त आहे," असं त्या सकाळपासून चारचौघांत सांगत होत्या. अनुपमाला ते ऐकून आनंद होत होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

खरी गोष्ट अशी, की अक्षताच्या स्वरतंतूवर गाठ आली होती. सतरा दिवसांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने तंतूंवर बोलण्याहून जास्त ताण येतो. खाकरायचं नाही, गुणगुणायचं नाही. घरात फक्त आईवडील, सुयोग आणि गार्गीला माहीत होतं. बाकी कोणाला सांगायचं नाही ही अक्षताची अट होती, आणि अनुपमाने कारण विचारल्यावर तिने पाटीवर लिहिलं होतं: *आवाज परत आला का ते आधी मला कळू दे. मग लोकांना.* ते वाचून अनुपमा स्वयंपाकघरात जाऊन रडली होती आणि परत येऊन तिने मऊ भात लावला होता.

अनुपमा कोपऱ्यात गेली आणि अक्षताच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"वन्संना काहीतरी सांगायला हवं होतं," ती हळूच म्हणाली. "सुचलं ते सांगितलं. सातेरीचं व्रत."

अक्षताने लिहिलं: *सातेरी?*

"हसू नकोस. टाके उसवतील."

*टाके नसतात त्याला.* मग पाटी पुसून तिने पुन्हा लिहिलं, आणि या वेळी लिहिताना तिचा हात जरा सावकाश चालला: *काल डॉक्टरकडे गेले होते. जखम भरलीय. आजपासून रोज पाच शब्द बोलायची परवानगी. हळू, पण साध्या आवाजात.*

अनुपमा खुर्चीत पुढे सरकली. "मग? बोललीस?"

अक्षताने मान हलवली. *तपासताना 'ई' म्हणायला लावलं होतं. पण घशात नळी होती, तो काही आवाज नव्हे. सकाळपासून गप्प आहे. पहिला शब्द पाळण्यापाशी. बाळाचं नाव.*

अनुपमाने पाटी तिच्या हातातून घेतली, ते शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि स्वतःच बटण दाबून पुसून टाकलं, कारण समोरून वन्सं येत होत्या. अनुपमाला इतकं बरं वाटलं होतं की तिने वन्संना वाकून नमस्कारच करायचा बाकी ठेवला. लेक घरी आली होती, आते म्हणून पाळण्यापाशी बसणार होती, आणि सतरा दिवसांचं मौन भाचीच्या कानात सोडणार होती. यापेक्षा जास्त एका आईने काय मागावं?

"अनुपमा," वन्सं म्हणाल्या, "पाळण्यापाशी दिशाला बसवते. मी तिला सांगितलंय."

"दिशाला? का?"

"का म्हणजे? नाव आतेने कानात सांगायचं असतं. ह्या पोरीचं मौन आहे. सातेरीचं मौन, ते मधेच कसं मोडणार? उद्या बाळाला काही झालं तर?" वन्संनी अक्षताच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू नुसती बस हां राजा. दिशापण आतेच ना. चुलत असली म्हणून काय झालं?"

वन्सं गेल्या. अक्षताने आईकडे पाहिलं. तिने पाटी उचललीसुद्धा नाही, आणि लिहिण्यासारखं काही उरलंही नव्हतं. अनुपमाने स्वतःच्या हाताने लेकीच्या तोंडाला कुलूप घातलं होतं आणि किल्ली वन्संकडे देऊन ठेवली होती.

*

हॉलच्या मागे लहानशी पँट्री होती. तिथे मोठ्या पातेल्यात घुगऱ्यांचे हरभरे शिजत होते आणि दिशा झाकण काढून दाणा दाबून बघत होती. दिशा म्हणजे मोठे दीर नंदकुमार भावजींची मुलगी. ती घाटकोपरला राहायची आणि तिथल्याच एका हॉलमध्ये लहान मुलांना गाणं शिकवायची. टीव्हीच्या त्या स्पर्धेला दोघी बहिणी जोडीने गेल्या होत्या, एकसारखे पिवळे कुर्ते घालून. चौथ्या फेरीत परीक्षकांनी जोडी फोडली, अक्षताला ठेवलं आणि दिशाला घरी पाठवलं. त्यावर दोघी एकमेकींशी भांडल्या नव्हत्या. भांडल्या असत्या तर कदाचित बरं झालं असतं.

"दिशा, तुला वन्संनी सांगितलं ना, नाव ठेवायचं?"

"सांगितलं." दिशाने गॅस बारीक केला. "काकी, एक विचारू? रागावू नकोस. हे व्रत नाहीये ना?"

अनुपमाने पातेल्यातला डाव उचलला.

"ती आल्यापासून एकदाही खाकरली नाही. बाबांनी अगरबत्ती लावली तेव्हा तिला ठसका येत होता, तर तिने तोंड दाबून नुसतं पाणी प्यायलं. देवीचं मौन करणारी बाई खोकू शकते की. खोकायचीही बंदी डॉक्टर घालतात, ऑपरेशननंतर. माझ्याकडे एका मुलीची आई येते, शिक्षिका आहे, तिचं झालंय."

"कोणाला बोललीस?"

"कोणाला बोलू? माझ्याच बहिणीची गोष्ट मला कोणी सांगितली नाही, मी दुसऱ्याला काय सांगणार?" हे दिशा सरळ आवाजात बोलली, म्हणून अनुपमाला ते जास्त लागलं.

तिने मग सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, पाच शब्द, पहिला शब्द. सांगताना हरभरे ढवळायचा डाव तिच्या हातात होता आणि ती रिकामाच हलवत होती.

दिशा ऐकत राहिली. मग म्हणाली, "खोटं नाही सांगत काकी, आतेने मला बसायला सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, एकदा तरी तिच्या जागी मला बोलावलं. साडीचा पदरपण नीट केला मी." ती हसली. "आता नाही बसवणार. तू जा आणि खरं सांगून टाक."

"सगळ्यांसमोर? विहीणबाई बसल्यायत. काय म्हणतील, खोटारडं घर आहे?"

"मग आतेला एकटीला सांग."

"वन्संना एकटीला काही सांगितलंय असं कधी झालंय का?"

दिशाला हे पटलं. पण पटून उपयोग नव्हता. "मी पाळण्यापाशी बसणार नाही," ती म्हणाली. "आयुष्यभर डाचेल मला ते. तू बघ काय ते."

अनुपमाने बघितलं ते असं. खोट्याला खोट्याचाच टेकू द्यायची तिला शेवटची एक बुद्धी सुचली. हॉलमध्ये येऊन ती वन्संना म्हणाली, "वन्सं, अक्षताचं मौन आज पुरं होतंय. म्हणजे आजच शेवटचा दिवस. आता सोडलं तरी चालेल."

हे ऐकून वन्संचा चेहरा उजळला. तो तसा उजळायला नको होता.

"आज? मग आधी नाही का सांगायचं? व्रत असं सोडतात का? गाऱ्हाणं घालायला हवं. रे नंदा, नारळ खंय ठेवलंस तो?"

नंदकुमार भावजी गिरणीतली नोकरी सुटलेल्या बापाचा मोठा मुलगा. बेस्टमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. पण गावात देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता आणि वडील धोंडूअण्णा गेल्यावर तो भावजींकडे आला होता. ते पिशवीतून नारळ काढून पुढे आले. हा नारळ त्यांनी खास गावाहून मागवला होता, सातेरीच्या पायाला लावून, पुतणीसाठी. अनुपमाला हे ठाऊक नव्हतं.

भावजींनी चपला काढल्या, तोंड गावाच्या दिशेला म्हणून पार्किंगच्या दिशेला केलं, आणि दोन्ही हातांत नारळ धरून डोळे मिटले. हॉलमधली कुजबुज थांबली. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. गार्गीची आई उत्तराताईसुद्धा उभ्या राहिल्या.

"बा सातेरी माये," भावजींचा आवाज एरवीच्या मानाने मोठा आणि स्वच्छ लागला, "आज ह्या कुबलांच्या लेकरान तुझ्या नावान आपली वाचा बंद केलेली असा, ती तू मान्य करून घे."

"होय महाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या लेकरू गाण्यावर जगता. त्येच्या गळ्याक कोणाची नजर लागली असात, काय इडापिडा असात, ती तू दूर कर."

"होय महाराजा."

"मी त्येका एकदा बोललंय होतंय, की असली गाणी गाऊन घराचा नाव घालवशीत. ता माझा चुकला. ता तू पोटात घाल, आनि…"

भावजींनी नारळ कपाळाला लावला. 'होय महाराजा' म्हणायला सगळे थांबले. अनुपमाने पाहिलं तर अक्षता खुर्चीवरून उठून उभी राहिली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. भावजी त्या पुतणीशी अकरा वर्षांत नीट बोलले नव्हते, आणि आता बोलत होते ते देवीशी, मिटल्या डोळ्यांनी, खोट्या व्रताच्या जोरावर.

"भावजी, थांबा," अनुपमा म्हणाली.

गाऱ्हाणं मधे थांबवायचं नसतं. वन्संनी मान फिरवून तिच्याकडे पाहिलं. विद्याधरने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"व्रत नाहीये," अनुपमा म्हणाली. "मी खोटं बोलले. तिच्या घशाचं ऑपरेशन झालंय. सातेरीचं नाव मी घेतलं, अक्षताने नाही. तिला आज इथे येईपर्यंत माहीतपण नव्हतं. शिक्षा असेल तर मला असू दे, तिला नको, बाळाला नको." मग एकदा सुरुवात झालीच आहे तर सगळंच सांगावं म्हणून तिने पाच शब्दांचंही सांगितलं, आणि पहिला शब्द कोणासाठी राखून ठेवलाय तेही.

पाया पडलेल्या काकू आपल्या हातांकडे बघत राहिल्या. भावजींनी डोळे उघडून विचारलं, "मगे ह्या नारळाचा काय करू?"

"फोड," वन्सं म्हणाल्या. "खोटा ह्या बोलला, देवी नाय बोलली. तिका नारळ लागताच." आणि मग त्या अनुपमाकडे वळल्या. भाऊ सोडले तर इतरांशी वन्सं फक्त रागावल्या की मालवणीवर येत, हे घरातल्या पोराटोरांना माहीत होतं. पण हा आवाज रागाचा नव्हता, म्हणून अनुपमाला त्यांच्याकडे बघवेना. "काय गो अनुपमा. माझो घोव हॉस्पिटलात पडलो, तेव्हा पयलो फोन कोणाक केलंय? इसारलंस?"

"मला केलात वन्सं."

"भावाक नाय केलंय. पोटच्या झिलाक नाय केलंय. तुका केलंय. आनि तुझ्या लेकीचो गळो कापलो, तर तू माका देवी सांगतंस. खरा सांगूक काय झालेला तुका?"

"मला वाटलं," अनुपमा म्हणाली, आणि तिला काय वाटलं होतं ते तिला स्वतःलाच आता सांगता येईना. शेवटी जे खरं होतं ते तिने सांगितलं. "तुम्ही तिच्यावर रागावलेल्या होतात. आजारी आहे म्हटल्यावर कीव केली असतीत. व्रत म्हटल्यावर तुम्ही तिचं कौतुक केलंत. मला ते कौतुक हवं होतं वन्सं. लबाडी केली मी."

वन्संनी पदर खोचला. त्या सरळ अक्षतापाशी गेल्या. अक्षताने घाईघाईने पाटीवर काहीतरी लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरली. वन्सं चष्म्याशिवाय वाचू शकत नव्हत्या, म्हणून दिशाने पुढे होऊन मोठ्याने वाचलं: "आते, आतोबांच्या तेराव्याला आले नाही. विमानतळावर अडकले होते हे खरं आहे. पण कार्यक्रम सोडून दोन दिवस आधी निघाले असते तर पोचले असते. निघाले नाही. चूक माझी."

वन्संनी पाटी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. "ही पुसायची कशी?"

दिशाने बटण दाखवलं. वन्संनी ते दाबलं.

"चला," त्या म्हणाल्या. "पंखे बंद करा. तो स्पीकर बंद कर रे सुयोग. आणि मोबाईल सगळ्यांनी पर्समध्ये. ह्या हॉलातली गोष्ट बाहेर गेली ना, तर मी एकेकाच्या घरी येईन. ज्याचो मोबाईल हातात दिसात, त्याका घुगऱ्यो गावच्यो नाय."

पन्नास माणसांनी मोबाईल आत टाकले. उत्तराताईंनीसुद्धा टाकला, आणि अनुपमाच्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे गार्गीच्या वडिलांची बायपास आम्ही सहा महिने लपवली होती. काशीयात्रेला गेलेत म्हणून सांगितलं होतं." अनुपमाला त्या क्षणी विहीणबाई फार आवडल्या.

*

पंखे बंद झाल्यावर हॉल एकदम लहान वाटायला लागला. बायकांनी बाळाला पाळण्याखालून, पाळण्यावरून एकमेकींच्या हातात देत फिरवलं आणि आत निजवलं. बाळ जागं होतं. मूठ तोंडात घालून ती चोखत होती, आणि त्या चोखण्याचा आवाज चौथ्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.

अक्षता पाळण्यापाशी आली. दिशा तिच्याबरोबर आली ती न बोलावता. रीतीप्रमाणे आते आधी बाळाच्या कानापाशी 'कुर्र' करते. अक्षता वाकली, तशी दिशाही दुसऱ्या बाजूने वाकली आणि बहिणीचा श्वास वाया जाऊ नये म्हणून ते 'कुर्र' तिने केलं. लांबलचक, छान लागलेलं. मग ती मागे सरकली.

अनुपमा पाळण्याच्या पायथ्याशी उभी होती. तिला लेकीचा फक्त अर्धा चेहरा दिसत होता. अक्षताने ओठ ओले केले. एकदा डोळे मिटले. पन्नास हजार माणसांपुढे उभं राहणारी ही मुलगी आता घाबरली आहे हे अनुपमाला लख्ख दिसलं. तिसरीत असताना सोसायटीच्या स्टेजवर चढण्याआधी ती अशीच मान आत घ्यायची. तेव्हा अनुपमा विंगेतून हातवारे करून धीर द्यायची. आता धीर द्यायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि मागायलाही कुठल्या तोंडाने मागणार? सातेरीपाशी तिची पत संपली होती. तरी तिने मनातल्या मनात मागितलंच.

अक्षताने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. तिचे ओठ हलले.

कोणालाही ऐकू आलं नाही. पहिल्या रांगेला नाही, दिशाला नाही, चार फुटांवर उभ्या असलेल्या आईलाही नाही. फक्त बाळाची मूठ तोंडातून बाहेर आली. तिने चोखायचं थांबवलं आणि डोळे मोठे करून, मान जेवढी वळत होती तेवढी, त्या आवाजाकडे वळवली.

अक्षता हळूहळू सरळ झाली. तिने आईकडे पाहिलं, आणि अनुपमाला कळलं. आवाज कसा होता, बारीक की जाड, पूर्वीचा की नवा, यातलं काही कळलं नाही. पण तो होता. लेकीने तो ऐकला होता आणि तिला तो ओळखू आला होता, एवढं त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. अकरा वर्षं सगळ्या जगाने तो गळा ऐकला, आणि मौनानंतरचा त्यातला पहिला शब्द गेला तो एका सव्वा महिन्याच्या पोरीच्या वाट्याला. अनुपमाला इतकं सुख झालं की रडू येतंय हे तिला गालाला हात लावल्यावर समजलं.

"नाव काय? नाव काय ठेवलं?" बायकांनी एकदम गलका केला.

अक्षताने पाटी घेतली, लिहिलं, आणि ती लोकांकडे न धरता दिशाच्या हातात दिली. दिशाने वाचलं. मग मान वर करून, पोट आत घेऊन, घाटकोपरच्या पोरांना शिकवते तसा सूर नीट लावून तिने साऱ्या हॉलला सांगितलं, "केतकी."

"केतकी," हॉल म्हणाला. भावजींनी दारात नारळ फोडला.

आणि मग बायका धपाटे घालायला धावल्या. नाव ठेवणाऱ्या आतेच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. अक्षता हसत हसत पाळण्याच्या कठड्याला धरून वाकली. पण वन्सं मधे उभ्या राहिल्या. "हळू गो बायांनो, ऑपरेशन झालंय तिचं," असं म्हणून त्यांनी एकेकीला पुढे सोडलं आणि एकेकीचा हात तपासल्यासारखं केलं. काकूंनी बोटं टेकवली, उत्तराताईंनी पाठ थोपटली, दिशाने मात्र जरा जोरात घातला आणि अक्षताने वळून तिला चिमटा काढला. सगळ्यांचं झाल्यावर वन्संनी स्वतः अक्षताच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथे बराच वेळ राहू दिला.

मग त्या वळल्या. अनुपमा डोळे पुसत होती, म्हणून तिला दिसलं नाही. वन्संचा हात सत्तरीचा असला तरी आयुष्यभर पाट्यावर वाटण वाटलेला होता. तो तिच्या पाठीत असा बसला की हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या आणि पाळण्यातली केतकी दचकली.

"लागला?" वन्संनी विचारलं.

"लागलं," अनुपमा म्हणाली.

"लागूकच व्हया होता," वन्सं म्हणाल्या, आणि पदराच्या टोकाने त्यांनी भावजयीचे डोळे पुसले.